मंदीची तारीख कोण लिहितं?

आपल्या पोरांत सध्या एक बोलणं फार चालतं. 'एकदा मोठी मंदी येऊ द्या, मग बघा.' म्हणजे बाजार कोसळणार, बँका बुडणार आणि लोक आपोआप रस्त्यावर उतरणार. मग वाद सुरू होतो तो तारखेचा. एक म्हणतो दोन वर्षांत, दुसरा म्हणतो निवडणुकीनंतर. तिसऱ्याच्या मोबाईलवर कुणीतरी कोटवाला अर्थतज्ज्ञ महिन्यासकट भाकीत सांगून मोकळा झालेला असतो. ज्या पोरांनी घरातलं पंचांग फाडून चुलीत घातलं, तीच पोरं हे नवं पंचांग उशाशी घेऊन झोपतात. म्हणून हा जुना हिशेब काढून बसलोय. देशावर पुढचं आर्थिक संकट कधी कोसळणार हे सांगायचा धंदा आजचा नाही, दीडशे वर्षांचा आहे. आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या पानावर आपल्याच मुलखातली भुकेली माणसं आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचा एक इंग्रज होता. ऐरागैरा नव्हे. तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत सोनं पारखायचं काम केलं, मग मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात आणि पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला. अर्थशास्त्रात गणित आणणाऱ्या पहिल्या चार-दोन माणसांत त्याचं नाव घेतात. त्यानं बघितलं की इंग्लंडात दर दहा-अकरा वर्षांनी व्यापाराचा बट्ट्याबोळ होतो. १८२५ ला झाला, १८३६ ते ३९ च्या दरम्यान झाला, १८४७ ला, १८५७ ला, १८६६ ला. १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. एवढा नेम कशानं? या गड्यानं मान वर केली आणि थेट सूर्याकडं बघितलं.

सूर्यावर काळे डाग येतात, वाढतात, कमी होतात. एक फेरा साधारण अकरा वर्षांचा. जेव्हन्सचं म्हणणं असं की डागांप्रमाणं सूर्याची उष्णता बदलते, उष्णतेप्रमाणं पाऊस, पावसाप्रमाणं पीक. पण पीक कुठलं? इंग्लंडचं नव्हे, हिंदुस्थानचं. हिंदुस्थानात धान्य स्वस्त झालं की गरीब रयतेच्या हातात चार आणे उरतात. त्या चार आण्यांचं ती मँचेस्टरचं कापड घेते. पीक बुडालं की ते चार आणे गेले, कापडाची मागणी गेली, व्यापाऱ्याच्या हुंड्या थकल्या आणि तिकडं लंडनात बँकेच्या दारावर गर्दी झाली. १८७८ च्या नोव्हेंबरात 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात त्यानं हे छापलं. पुराव्याला दिल्लीच्या गव्हाचे १७६३ ते १८३५ पर्यंतचे भावही मांडले.

हसू नका. माणसानं एक गोष्ट अचूक हेरली होती. साऱ्या साम्राज्याच्या पतपेढीची नाडी इकडच्या शेतमजुराच्या अंगावरच्या वीतभर कापडात होती, हे त्याला दिसलं. इथल्या किती विद्वानांना दिसलं होतं?

पण तारखेचा नाद वाईट. आधी १८७५ ला त्यानं इंग्लंडचे मध्ययुगातले गव्हाचे भाव घेऊन अकरा वर्षांचा फेरा दाखवला होता. नंतर त्याच्याच लक्षात आलं की त्याच आकड्यांतून तीन, पाच, सात, नऊ, हवा तेवढ्या वर्षांचा फेरा निघतो. निबंध मागं घेतला. दुसरा असता तर गप बसला असता. पण संकटांमधलं अंतर साडेदहा वर्षांच्या आत येतंय आणि डागांचा फेरा अकराच्या वर, म्हणून याला झोप नाही. तेवढ्यात ब्राऊन नावाचा शास्त्रज्ञ भेटला, एकेकाळचा त्रिवेंद्रमच्या वेधशाळेचा प्रमुख. त्यानं डागांचा फेरा १०.४५ वर्षांचा काढला होता. जेव्हन्सनं १७२१ ते १८७८ या १५७ वर्षांना पंधरानं भागलं, आले १०.४६६. झालं! जुळलं! आता मधली माळ भरायची. १७४२ आणि १७५२ च्या सुमाराचं संकट काही केल्या कागदपत्रांत सापडेना. तर ते झालंच असणार, असं त्यानं धरून चालायचं ठरवलं. १८७३ ला व्हिएन्ना आणि न्यूयॉर्कमधे सगळ्या जगाला हादरवणारा कोसळा झाला, तो मणी या माळेत बसत नव्हता. पुढं डागांचा फेरा अकरा वर्षांचाच ठरला आणि सगळा डोलारा खाली आला. ते बघायला जेव्हन्स फार दिवस नव्हता. १८८२ ला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समुद्रात पोहताना बुडून गेला.

आता इकडं या. जेव्हन्स लंडनात डाग मोजत होता त्याच वर्षांत, १८७६ ते ७८, सोलापूर, नगर, पुणे, सातारा, कलादगी हा सगळा पट्टा वाळून गेला होता. मद्रास इलाखा तर त्याहून वाईट. पाऊस गेला हे खरं. पण नुसत्या पावसानं माणूस मरत नाही. या मुलखाचं संकट अकरा वर्षं आधी सुरू झालं होतं आणि त्याचं मूळ आणखीनच लांब, अमेरिकेत. तिथल्या यादवी युद्धानं कापसाची आवक थांबली, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचा जुगार पेटला. बॅकबे भरणीच्या कंपनीचे शेअर घ्यायला नुसती झुंबड. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते, त्या दिवशी मुंबईचे धनको-ऋणको एकदमच उघडे पडले. इतिहासाच्या पुस्तकात मुंबईचं संकट म्हणून हीच तारीख आहे. पण दख्खनच्या शेतकऱ्यानं चढत्या भावात काढलेलं कर्ज तसंच राहिलं. सावकारानं हात आखडला, नवं कर्ज बंद केलं, जुन्याच्या जप्त्या सुरू केल्या. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. मग पाऊस गेला, तो १८७६ ला. म्हणजे दुष्काळ पडायच्या वर्षभर आधीच पत संपल्याची दवंडी पिटली गेली होती. ती ऐकायला डोळ्याला दुर्बीण लावायची गरज नव्हती.

आणि सावकाराच्या दारात उभं राहायचीसुद्धा ज्याची पत नव्हती त्याचं काय? गावात महार-मांगांचं पोट खळ्यावरच्या बलुत्यावर. खळंच झालं नाही तर बलुतं कुठलं? शेतकऱ्याच्या घरात निदान मोडायला भांडं होतं, विकायला बैल होता. आपल्या घरात मोडायला काय होतं? मोल विकायचं तर घेणारा कुणी नाही. म्हणून वाटेला लागणारी पहिली माणसं आपली.

१ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. मग सर रिचर्ड टेंपल दुष्काळाचा खर्च आवरायला निघाले. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, असं रोजंदारीचं माप त्यांनी बसवलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडून. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या मापाविरुद्ध काम सोडलं, १८७७ च्या सुरुवातीलाच. इतिहासात भुकेल्यांचा संप म्हणतात तो हा. धान्य मात्र बंदरातून बाहेर जातच राहिलं. मेले किती? सरकारी हिशेबानंच पन्नास लाखांच्या वर, आणि तो हिशेब कमी धरलेला. त्याच वर्षी सरकारी आकडेवारीचे मुख्य अधिकारी हंटर यांनी दक्षिणेतला पाऊस आणि सूर्याचे डाग यांचा संबंध दाखवणारी पुस्तिका काढली. दुष्काळ सूर्यातनं आला म्हटलं की जबाब कुणाचा मागणार?

एक काम मात्र त्यातून झालं. १८८० ला दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ पासून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्यात अधिकाऱ्यांना सांगितलेलं होतं की दुष्काळ कशावरनं ओळखायचा. धान्याचे भाव चढतात, धान्यबाजारात एकदम धावपळ सुरू होते, सावकार कर्ज द्यायचं थांबवतो, भिकाऱ्याला भीक मिळेनाशी होते, चोऱ्या वाढतात, माणसं आणि गुरं गाव सोडून भटकायला लागतात. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सुन्न झालो. साहेबाला हे कुणी शिकवलं? आमची म्हातारी माणसं असंच सांगायची. भाकरी मागायला गेलेली बाई रिकामी परत आली की समजायचं, औंदा काही खरं नाही.

म्हणजे संकट ओळखायची रीत १८८३ पासून कागदावर होती. आता १९४३ चं बंगाल बघा. वरच्या यादीतली बहुतेक सगळी लक्षणं दिसत होती. तांदळाचा भाव हाताबाहेर गेला, खेड्यातले भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन मरत होते. तरी बंगालच्या सरकारनं संहितेप्रमाणं दुष्काळ जाहीर केला नाही. शेवटपर्यंत नाही. का? जाहीर केला की ठरल्या मापानं धान्य आणि काम द्यायची जबाबदारी अंगावर येते. सरकारी चौकशी आयोगानं पंधरा लाख मेले म्हटलं, नंतरच्या अभ्यासकांनी तीस लाखांपर्यंत आकडा नेला. इथं कुणाचं भाकीत चुकलं सांगा बरं? भाकिताची गरजच नव्हती. प्रेतं दाराशी होती. तारीख लिहायची लेखणी ज्याच्या हातात होती त्यानं ती लिहिली नाही, एवढंच.

बँका आणि चलनाच्या संकटाचं गणित थोडं निराळं आहे, तेही सांगतो. तिथं तारीख सांगता येत नाही याला कारण आहे. देशानं किंवा बँकेनं थोड्या मुदतीचं कर्ज घेऊन लांब मुदतीच्या कामात घातलेलं असतं. जोवर धनको मुदत वाढवून देतो तोवर सगळं गुलाबी. ज्या दिवशी त्याला वाटतं की शेजारचा धनको पळणार, त्या दिवशी तो आधी पळतो. आता हे 'वाटणं' कुठल्या मंगळवारी होईल हे कसं सांगणार? आणि सांगणाऱ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला तर संकट आजच येईल, त्या मंगळवारची वाट बघणार नाही. घर वाळक्या गवताचं आहे हे सांगता येतं. ठिणगी कधी पडेल हे नाही.

१९२९ ला अमेरिकेत रॉजर बॅब्सन दोन वर्षं ओरडत होता की बाजार कोसळणार. ५ सप्टेंबरला परत ओरडला, ऑक्टोबरात कोसळला, लोकांनी त्याला द्रष्टा केलं. रोज 'आज पाऊस' म्हणणारा एक दिवस खरा ठरतोच. उलट बाजूला आयर्व्हिंग फिशर, त्या काळचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा अर्थशास्त्री. कोसळायच्या थोडेच दिवस आधी म्हणाला की शेअरांचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचलेत. स्वतःची सगळी संपत्ती घालवून बसला. १९९७ ला थायलंडच्या रिझर्व बँकेच्या कागदावर तीस अब्ज डॉलरच्या वर गंगाजळी दिसत होती. त्यातली बहुतेक वायद्यात विकून झालेली होती, ते लपवलेलं. २ जुलैला बाट हा त्यांचा रुपया कोसळला. नाणेनिधीतल्या लुंगानी नावाच्या अर्थतज्ज्ञानं पुढं हिशेब मांडला, की १९९० च्या दशकात जगात साठ मंद्या आल्या आणि वर्षभर आधी भाकीत झालं होतं फक्त दोनांचं. २००८ च्या नोव्हेंबरात इंग्लंडची राणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधे गेली आणि तिनं विचारलं की हे कुणालाच कसं दिसलं नाही? आपल्या बाबासाहेबांची शाळा ती. विद्वानांना उत्तराचं पत्र पाठवायला पुढच्या वर्षाचा जुलै उजाडला. आणि दिसलं नव्हतं असंही नाही. २००५ ला जॅक्सन होलच्या सभेत रघुराम राजन यांनी बँकांच्या जोखमीबद्दल तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी तारीख दिली नव्हती, घर कशाचं बांधलंय ते सांगितलं होतं. लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं.

बाबासाहेबांचं नाव आलंच आहे तर थांबतो. जयंतीच्या बॅनरवर हल्ली 'रिझर्व बँकेचे शिल्पकार' असं हमखास लिहिलेलं असतं. ठीक आहे, लिहा. पण 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' उघडून किती जणांनी बघितलं? १९२३ चं पुस्तक. तेव्हा नुकताच काय तमाशा झाला होता? १९१९ च्या समितीनं रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवून दिला, तो टिकवता टिकवता सरकारनं कोट्यवधींची गंगाजळी उधळली आणि भाव तरीही कोसळला. सगळे बोलत होते ते शिलिंग-पेन्सचं. बाबासाहेब मागं गेले, १८७३ नंतर चांदी उतरली तिथपर्यंत. रुपया उतरला की निर्यातवाल्याचा फायदा होतो, असं जे ढोल वाजवून सांगितलं जायचं, त्याच्या आत त्यांनी हात घातला. भाव वाढतात तेवढी मजुरी वाढत नाही. तो जो फायदा दिसतो तो मजुराच्या ताटातनं उचललेला असतो. म्हणून चलन छापणाऱ्या हातांना बांध घाला, त्यांच्या मर्जीवर सोडू नका, हा त्यांचा आग्रह. १९२५ ला रॉयल कमिशनपुढं साक्ष दिली तिथंही हाच सूर. आख्ख्या पुस्तकात पुढच्या संकटाची तारीख नाही. संकट कुणाच्या खिशातनं भरून काढलं जातं, ते आहे.

माझा बाप मुंबईच्या एका गिरणीत बदली कामगार होता. साचेखात्यात आपल्या लोकांना फार काळ घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमच्या थुंकीनं इतरांचा धर्म बुडायचा. म्हणून आपली माणसं सूतखात्यात, आणि तिथंही पुष्कळ जण बदलीवर. सकाळी पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही तर जॉबर आत घेणार, नाहीतर परत. बाप शिकलेला नव्हता. पण आज किती बदल्या आत घेतल्या आणि किती परत पाठवल्या याचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का असायचा. 'या महिन्यात निम्मे परत जातायत, माल तुंबलाय,' असं तो म्हणायचा, आणि वर्तमानपत्रात 'कापड उद्योगावर संकट' असा मथळा कितीतरी महिन्यांनी यायचा. तोवर आमच्या घरात संकट येऊन जुनं झालेलं असायचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुस्तकं गिरणधंद्याच्या मरणाची तारीख तीच देतात. गेटवरनं परत येणाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळी सांगितली असती.

१९९१ चं तसंच. तारीख म्हणून आपल्याला जुलै सांगतात. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन, त्याच महिन्यात जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण. त्याआधी मे महिन्यात २० टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं होतं. परकीय चलन उरलं होतं दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. १९८० च्या सगळ्या दशकात सरकारची तूट आणि बाहेरचं थोड्या मुदतीचं कर्ज फुगत होतं, आखाती युद्धानं तेल भडकलं, परदेशी भारतीयांनी ठेवी काढून न्यायला सुरुवात केली. पळणारे आधी तेच, देशप्रेमाची गाणी म्हणणारे. सोनं विमानानं गेलं त्याची लाज सगळ्या देशाला वाटली. पण संकट निवारलं कसं? खताचा भाव वाढवला, त्याच वर्षी रेशनचा गहू-तांदूळ महाग केला, सरकारी भरतीचा हात आखडला. केंद्राच्या सार्वजनिक उद्योगांत तेव्हा बावीस लाखांच्या आसपास कर्मचारी होते. आज ते दहा लाखांच्या खाली आहेत. उरलेलं काम ठेकेदाराकडं, आणि ठेकेदाराला आरक्षण लागू नाही. १९९० च्या ऑगस्टमधे मंडल जाहीर झालं आणि वर्षाच्या आत दारच बारीक करायला घेतलं. आपल्या दृष्टीनं १९९१ चं संकट संपल्याची तारीख कुठल्याच पुस्तकात मला अजून सापडलेली नाही.

म्हणून 'मंदी येऊ द्या' म्हणणाऱ्या पोरांना मी विचारतो, येऊ द्या म्हणजे कुणाकडं? दलालाकडं ती येईल तेव्हा येईल. मजूर नाक्यावर जाऊन बघा. सकाळी आठला किती माणसं उभी आहेत, दहा वाजता किती उरली, गेल्या पावसाळ्याच्या मानानं रोज किती उतरला. वस्तीतल्या बायकांच्या बचत गटात हप्ता कितीजणी थकवतायत. मंगळसूत्र सोनेतारणाला गेलं ते सोडवून आणलं का दुसरं गेलं. किराणावाल्यानं उधारीची वही कधी बंद केली. १८८३ च्या साहेबाची यादी हीच होती. आमच्या भागातल्या तीन पोरांनी शंभर पानी वही केलीय. दर सोमवारी नाक्यावर जातात आणि आकडा लिहितात. मागच्या चार सोमवारचे आकडे माझ्यासमोर आहेत: ८५ माणसं, ८८, ९४, १०२. काम मिळालं ते ४०, ३८, ३१, २७ जणांना.